बॅटची पाठ

कवळीवाल्यांना सगळे कवळीवाले म्हणत, कारण ते लोकांच्या कवळ्या करत. त्यांचे स्वतःचे मात्र झाडून सगळे दात शाबूत होते, आणि हे धंद्याला शोभत नाही अशी त्यांची बायको थट्टा करायची. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम चाले. टेबलावर प्लास्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, दात घासून गुळगुळीत करायचं छोटं यंत्र आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून दात विचकणारे चार-सहा परके जबडे. दंतवैद्य मापं पाठवत, कवळीवाले कवळ्या पाठवत. माणूस अबोल, कामाला चोख, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

पण रविवारची सकाळ आली की या शहाण्यासुरत्या माणसाच्या अंगात यायचं. रविवारी मंडळ जमायचं. मंडळ म्हणजे मोठ्या माणसांच्या सह्या असलेल्या वस्तू जमवणाऱ्यांचं टोळकं. त्यात एक वकील होते, त्यांच्याकडे नाटकवाल्यांच्या सह्यांची पत्रकं. एक सिस्टर होत्या, इस्पितळात रात्रपाळ्या करून त्यातून वेळ काढून गाणाऱ्यांच्या सह्यांच्या तबकड्या जमवायच्या. आणि एक फ्रेमवाले. त्यांचं तसबिरी मढवायचं दुकान होतं, पण त्यांची खरी ख्याती मोडकं-तोडकं नीट करण्यात. फाटलेला फोटो असो की वाळवीने खाल्लेली पेटी, फ्रेमवाल्यांच्या हाती गेली की नवी होऊन यायची. आणखी दोघं-तिघं होते, त्यांचं या गोष्टीत फारसं काम नाही.

ही माणसं एरवी भली होती, पण वस्तू समोर आली की त्यांची डोकी फिरायची. हात धुतल्याशिवाय काही हातात घ्यायचं नाही. कुणी चहाचा कप घेऊन टेबलापाशी आलं की वकील असे ओरडत, की शेजारचे खिडकीत येत. भिंग फिरवत फिरवत एकेका सहीवर तास तास घालवत. आणि या मंडळींना एका गोष्टीचा भारी तिटकारा होता. सही हवी ती नुसती. ‘अमक्याला सप्रेम’ असं काही वर लिहिलेलं असलं, की ती वस्तू त्यांच्या लेखी उष्टी. अशा वस्तूला ते ‘नाव लागलेला माल’ म्हणत. कवळीवाले मंडळात नवे होते, तेव्हा कुणीतरी एका गायकाचा फोटो दाखवायला आणला होता. त्यावर ‘प्रिय काकांना’ असं लिहिलेलं. वकिलांनी भिंग बाजूला ठेवलं आणि म्हणाले, “छान आहे. आता हे काका शोधा आणि त्यांच्याच गळ्यात बांधा.” सगळे खो खो हसले. कवळीवालेही हसले. नव्या माणसाने हसायचं असतंच.

त्यांच्याकडे खेळाडूंच्या सह्या होत्या. चेंडू, हातमोजे, एक-दोन टोप्या. पण सगळ्यांत वर, टेबलासमोरच्या भिंतीवर, टांगलेली होती कप्तानाची बॅट. कप्तान म्हणजे त्या काळी सबंध देश ज्याच्या नावाने सकाळी उठायचा आणि तो बाद झाला की जेवायचा नाही, तो. बॅटच्या दर्शनी बाजूला त्याची लांबलचक सही, आणि सहीच्या शेवटच्या फटकाऱ्यावर चेंडूचा एक लाल वण. मंडळातल्या प्रत्येकाने ती सही भिंगातून पाहिली होती. वकील तर म्हणत, “कवळीवाले, तुमचं बाकीचं सगळं वाहून गेलं तरी चालेल. ही बॅट तेवढी सांभाळा.”

बॅटची पाठ मात्र कुणी पाहिली नव्हती. भिंतीवर टांगलेल्या बॅटची पाठ भिंतीकडेच असते, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं. पाठीवर चार ओळी लिहिलेल्या होत्या, चिंगीला.

चिंगी त्यांची मुलगी. एकुलती एक. गल्लीतल्या पोरांना डाव्या हाताने बोलिंग टाकून त्रिफळाचीत करायची आणि वर जीभ दाखवायची. नऊ वर्षांची असताना तिला दुखणं लागलं आणि ते हटेना. इस्पितळातली खाट सुटेना. त्याच दिवसांत कप्तानाचा संघ गावात सामना खेळायला आला. संघाबरोबर एक म्हातारा मालिशवाला होता, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी त्याची कवळी मोडली. हॉटेलवाल्याने त्याला कवळीवाल्यांकडे आणून सोडलं. कवळीवाल्यांनी सगळी कामं बाजूला सारून ती कवळी सांधून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि कधी नव्हे ते तोंड उघडून काहीतरी मागितलं.

मालिशवाल्याने त्यांना थेट कप्तानासमोर नेऊन उभं केलं. कप्तानाने स्वतःची बॅट पुढे ओढून तिच्यावर सही केली. मग विचारलं, “मुलीला घरी काय म्हणता?”

“चिंगी.”

“खेळते का?”

“बोलिंग टाकते. डाव्या हाताने.”

कप्तान हसला. त्याने बॅट उलटी केली, मांडीवर घेतली आणि शाळेतल्या पोरासारखी जीभ दाताखाली धरून पाठीवर चार ओळी लिहिल्या. ती बॅट मग चिंगीच्या खाटेवर, तिच्या शेजारी, चादरीखाली झोपायची. नर्सबाई रागवायच्या, पण बॅट काही हलली नाही. पुढचा मोसम सुरू व्हायच्या आत चिंगी गेली.

त्यानंतर कवळीवाल्यांनी बॅट भिंतीला टांगली, आणि तिची पाठ पुन्हा म्हणून पाहिली नाही. त्यांना ते झेपायचं नाही. मंडळातल्या लोकांनी त्या चार ओळींवरून भिंग फिरवावं, ‘नाव लागलंय हो’ म्हणून चुकचुकावं, हे तर त्यांना मुळीच सोसलं नसतं. म्हणून ते गप्प राहिले. थोडी लाजही होती, ते कबूल केलं पाहिजे. एवढी वाखाणलेली बॅट उष्ट्यात निघावी, हे त्यांना नको होतं. बायकोचं मात्र उलटं. शुक्रवारी दुपारी ते तयार कवळ्या पोचवायला बाहेर पडले, की ती बॅट खाली काढायची, पाठ वाचायची, कोरड्या फडक्याने पुसायची आणि परत टांगायची. संध्याकाळी बॅट किंचित तिरकी दिसे. कवळीवाले ती सरळ करत आणि काही विचारत नसत. त्या घरात चिंगीचा विषय एवढाच निघायचा. कवळीवाले मंडळात आले ते ती गेल्यानंतर, त्यामुळे मंडळात कुणाला तिचं नावही ठाऊक नव्हतं.

चोरी झाली ती ही दोघं मेव्हणीकडे गेली होती तेव्हा. मागच्या खिडकीचे गज वाकवून कुणीतरी आत शिरलं. कपाटाला हात लावला नव्हता, भांडीकुंडी जागच्या जागी होती. भिंतीवरच्या मात्र सगळ्या वस्तू गेल्या होत्या. चोराला काय घ्यायचं ते नेमकं ठाऊक होतं. खिळे तेवढे शिल्लक ठेवले होते. बायको दारातच मटकन खाली बसली. कवळीवाले भिंतीपाशी गेले आणि जिथे बॅट असायची तिथे हात फिरवत राहिले.

पोलीस आले, पंचनामा झाला, ‘बघू’ म्हणून गेले. मंडळ मात्र ‘बघू’ म्हणणारं नव्हतं. अशा वेळी काय करायचं याची त्यांची ठरलेली रीत होती. चोरीला गेलेल्या वस्तूचा फोटो आणि खाणाखुणा झाडून सगळ्या संग्राहकांना, जुन्या मालाच्या दुकानदारांना, लिलाववाल्यांना धाडायच्या. त्याला ते ‘हाकारा’ म्हणत. एकदा हाकारा गेला की त्या वस्तूला कुणी शिवायचं नाही, आणि जिथे दिसेल तिथून ती सोडवून आणायची. त्याच दिवशी सगळे कवळीवाल्यांकडे जमले. वकील कागद-पेन घेऊन बसले. सिस्टर पाळी बदलून आल्या होत्या, त्या वहिनींजवळ बसून त्यांचा हात धरून होत्या. फ्रेमवाले तर रडायचेच बाकी होते.

“बॅटपासून सुरू करू,” वकील म्हणाले. “दर्शनी बाजूला सही, शेवटच्या फटकाऱ्यावर लाल वण. फोटो माझ्याकडे आहे. मागच्या बाजूला काय? काही खूण, काही लिहिलेलं?”

बायको चहा आणायला उठली होती. ती दारात थांबली.

“नाही,” कवळीवाले म्हणाले.

“नीट आठवा. काहीही असलं तरी सांगा. मागूनही ओळखू येते वस्तू.”

“नाही हो. कोरी आहे मागे.”

का म्हणाले असं? इतकी वर्षं जे दडवलं, ते एवढ्या माणसांत एकदम ओठावर येईना. जीभच वळली नाही. मागाहून वकिलांना एकट्याला गाठून सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. वकिलांनी ‘मागे कोरी’ असं लिहून घेतलं आणि चेंडूंकडे वळले. बायकोने चहा आणून ठेवला. त्या दिवसापासून त्यांच्या ताटात वाढताना तिने त्यांच्याकडे बघणं सोडलं.

मागाहून सांगणं काही झालं नाही. रोज उद्या म्हणता म्हणता राहून गेलं.

पुढच्या रविवारी मंडळ परत आलं, ते हात भरून. प्रत्येकाने आपल्या संग्रहातलं काहीतरी आणलं होतं, आणि टाकाऊ नव्हे, जिवापाड जपलेलं. वकिलांनी एक पत्रक आणलं, ज्याला ते स्वतःच्या जावयालाही हात लावू देत नसत. सिस्टरांनी एक तबकडी आणली. “रिकामी भिंत बघवत नाही हो,” फ्रेमवाले म्हणाले आणि स्टुलावर चढून एकेक वस्तू टांगू लागले. ज्या माणसांची आपण मघा थट्टा केली, ती माणसं ही अशी होती. कवळीवाल्यांना भरून आलं. त्यांनी सगळ्यांचे हात हातात घेतले. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, भिंतीकडे बघून “बरं केलंत” म्हणाली, आणि आत गेली.

सिस्टर निघताना हळूच म्हणाल्या, “वहिनींची काळजी घ्या. वस्तू गेली म्हणून माणूस इतकं खचत नाही. दुसरं काहीतरी आहे.”

कवळीवाल्यांनी मान हलवली.

महिना-सव्वा महिना गेला असेल. एका सकाळी कवळीवाले मेणात दात बसवत होते, तेवढ्यात दारात फ्रेमवाले उभे. काखेत पांढऱ्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. मागे वकील आणि सिस्टरही होत्या. “वहिनी, बाहेर या, बाहेर या!” फ्रेमवाल्यांनी दारातूनच हाळी दिली.

त्यांनी चादर सोडली. बॅट होती.

कवळीवाल्यांच्या हातातला दात खाली पडला. सही तीच, लाल वण तोच. बायको धावत बाहेर आली आणि तिने दोन्ही हात तोंडावर धरले. कितीतरी दिवसांनी तिने नवऱ्याकडे पाहिलं.

“सांगा ना, कशी मिळाली ते सांगा,” वकील म्हणाले. फ्रेमवाले खुर्चीच्या कडेवर टेकले आणि भडाभडा सांगू लागले. जुन्या बाजारात एका माणसाने बॅट विकायला ठेवली होती. पाठ वर करून. फ्रेमवाल्यांनी सहज उलटून पाहिली, तर सही! त्यांनी तिथेच तिची मूठ धरली आणि वकिलांना बोलावून घेतलं. “तो म्हणतो कसा, बॅट माझ्या भाचीची आहे. पुरावा म्हणून मागचं लिहिलेलं दाखवतो. चिंगी की कोण, तिच्या नावाने चार ओळी. म्हटलं, वा रे शहाण्या! ही यांची जुनी युक्ती आहे हो. माल चोरायचा, त्यावर कुणाचं तरी नाव घालायचं, आणि आमच्या घरातलाच आहे म्हणून ठोकून द्यायचं. पण आमच्या हाकाऱ्यात स्वच्छ लिहिलंय, मागे कोरी. वकीलसाहेबांनी आवाज चढवल्याबरोबर बेट्याची पाचावर धारण बसली. बॅट टाकून पळाला.”

कवळीवाल्यांना पुढचं कळलं होतं, पण ते थांबवता येत नव्हतं.

“अक्षर मात्र काय हुबेहूब उचललं होतं, सांगतो तुम्हाला! कसबी माणूस असणार. पण अशी विटाळलेली बॅट तुम्हाला कशी देऊ? आठवडाभर तुम्हाला पत्ता लागू दिला नाही. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग जवसाचं तेल, परत बारीक. शाई खोल मुरली होती, सहजी जाईना. पण बघा आता.”

त्यांनी बॅट उलटी केली. पाठ तुकतुकीत होती. फ्रेमवाल्यांच्या हाताला तोड नव्हती; कुठे म्हणून एक रेघ शिल्लक नव्हती.

बायको पुढे आली. तिने बॅट हातात घेतली आणि तळवा पाठीवरून फिरवला, वरून खाली, मग पुन्हा वरून खाली. नंतर तिने बॅट नवऱ्याच्या मांडीवर ठेवली.

“सांगा त्यांना,” ती म्हणाली.

आणि कवळीवाल्यांनी सांगितलं. मालिशवाल्याची कवळी, कप्तान, इस्पितळातली खाट, चादरीखालची बॅट. ते खाली बघून, अडखळत, एकेक शब्द मागून घेतल्यासारखे बोलत होते. “चिंगी आमची मुलगी,” ते शेवटी म्हणाले. “तुमची काही चूक नाही. मीच नाही म्हणालो होतो.”

फ्रेमवाल्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग त्यांचा बांध फुटला. पन्नाशी उलटलेला माणूस पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला. “वहिनी, माझे हात का नाही मोडले हो,” एवढंच ते म्हणत राहिले. बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “तुम्ही जीव ओतून केलंत, भावजी,” ती म्हणाली. “तुम्हाला काय बोलू मी?” वकील भिंतीकडे तोंड करून उभे होते. ‘नाव लागलेला माल’ हा शब्द त्यांचाच होता, आणि तो त्यांना आठवत असावा.

सिस्टरांनी डोळे पुसले. “काय लिहिलं होतं?” त्यांनी विचारलं. “तुम्हा दोघांना तर पाठ असेल. आत्ता सांगा, मी लिहून घेते. निदान शब्द तरी राहतील.”

हे सगळ्यांनाच पटलं. वकिलांनी पेन पुढे केलं. कवळीवाले सावकाश म्हणाले, “‘चिंगे, बरी हो. डावखुऱ्या बोलरची मला भीती वाटते. ही बॅट तुझ्याकडे ठेव. मैदानावर ये आणि मला बाद कर.’”

“मैदानावर ये, असं नव्हतं,” बायको म्हणाली.

“अगं, तसंच होतं.”

“नव्हतं. ‘मी तुझ्या गल्लीत खेळायला येईन’ असं होतं. तो येणार होता, अहो. मी दर शुक्रवारी वाचत होते. तुम्ही कधी वाचलंत?”

“ती मला विचारायची, बाबा, मी मैदानावर कधी जायचं? मी रोज सांगायचो, बरी झालीस की.”

“मला विचारायची, आई, ते कधी येणार? इस्पितळाच्या खिडकीतून आपली गल्ली दिसते का म्हणून खाट हलवायला लावली होती तिने. विसरलात?”

कवळीवाल्यांना खाट हलवल्याचं आठवत होतं. ती उन्हासाठी हलवली, असं ते इतकी वर्षं समजत होते. सिस्टर पेन हातात धरून एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेन बंद केलं. कुणाचं बरोबर हे कोण सांगणार होतं? कप्तान जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

मंडळी गेली. बॅट परत भिंतीला टांगली गेली. त्या शुक्रवारी कवळीवाले कवळ्या पोचवून घरी आले, तर बॅट सरळ होती. पुढच्या शुक्रवारीही सरळच. तिला हात लागला नव्हता.

असेच काही दिवस गेले. एका दुपारी बायको चहा घेऊन आली आणि कप ठेवून परत न जाता टेबलापाशी बसली. समोरचा प्लास्टरचा जबडा तिने उचलला, उगाच इकडून तिकडे बघितला आणि खाली ठेवला.

“अहो,” ती म्हणाली, “तुमचंच बरोबर असेल का हो?”

“कशाचं?”

“‘मैदानावर ये.’ मी रोज मनात म्हणून बघते. आधी माझंच म्हणणं यायचं. आता कधी तुमचं येतं, कधी माझं येतं. माझं मलाच कळेनासं झालंय. तुम्ही लिहिताना बघितलंत त्याला. तुम्हाला दिसत असेल ना? नीट आठवून सांगा. तुम्ही म्हणाल ते मी धरून चालेन.”

कवळीवाल्यांनी यंत्र बंद केलं. हातावरची पांढरी भुकटी झटकली आणि डोळे मिटले. मांडीवर बॅट घेतलेला कप्तान त्यांना दिसला. त्याची दाताखाली धरलेली जीभ दिसली, हातातलं पेन दिसलं. त्यांनी जिवाच्या आकांताने त्या पेनाखाली बघायचा प्रयत्न केला. तिथे लाकूड होतं, तेल पाजलेलं, तुकतुकीत, कोरं.

“काय होतं?” बायकोने विचारलं.

“नाही गं दिसत,” ते म्हणाले. “मला आता काहीच दिसत नाही.”